विजेचा अभ्यास आणि कारखान्याचे दार



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. व्यवस्थापकांनी मला विषय दिला आहे तो निराळाच: विद्यापीठातले विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण, आणि त्या शिक्षणातले कारखान्यात काढावयाचे महिने. मी स्वतः कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. पण कॉलेजातून कारखान्यात येणारी मुले मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांचे तिथे काय होते हे त्यांच्या प्राध्यापकांपेक्षा आम्हांला जवळून दिसते. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आपल्या सावलीत धान पिकते आणि नहराला पाणी आले की नाही याची चर्चा चालते. तरी विजेच्या बाबतीत आपला जिल्हा मागासलेला मुळीच नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. तिथून पार मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची 500 किलोव्होल्टची डी.सी. वाहिनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस टाकली गेली. त्याच सुमारास भद्रावतीला एक केंद्र उभे राहिले, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तेव्हा पश्चिमेकडचे विजेचे जाळे आणि दक्षिणेकडचे जाळे एका तालात चालत नसे. दंडारीच्या दोन फळ्या दोन वेगळ्या ढोलक्यांवर नाचत असल्या आणि त्यांना एकमेकींचे हात धरायला लावले, तर दोन्ही पडतील. तसेच हे. म्हणून भद्रावतीला एका बाजूची ए.सी. वीज थायरिस्टर नावाच्या उपकरणांनी डी.सी. करायची आणि लगेच तिथेच दुसऱ्या बाजूच्या तालाची ए.सी. करून पुढे द्यायची, अशी योजना झाली. एक हजार मेगावॉटची. दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका तालात जोडले गेले ते 2013 च्या शेवटच्या दिवशी. म्हणजे विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन विद्यांची गाठ कशी पडते, हे पाहायला आपल्या पोरांना परदेशी जावे लागत नाही. चंद्रपूरला 1996 पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, 2011 पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीला तंत्रनिकेतने आहेत. विद्याही जवळ आणि यंत्रेही जवळ. मधले दार तेवढे नीट उघडत नाही.

कॉलेज आणि कारखाना यांची सांगड घालण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने 1906 साली ती अमलात आणली. मुले पाळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात जात. आपल्याकडे 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि 1973 च्या दुरुस्तीने पदवी-पदविकावाल्या अभियंत्यांनाही त्यात घेतले. अलीकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदवीच्या अभ्यासक्रमातच अशा प्रशिक्षणाला 14 ते 20 श्रेयांक नेमून दिले आहेत. कागदावर काही कमी नाही.

कारखान्यात मुलगा नक्की काय शिकतो, ते सांगतो. पुस्तकात मोटारीचे गणित असते आणि ते यायलाच हवे. गणिताला हसणाऱ्या जुन्या मिस्त्र्यांशी माझे कधी जमले नाही. पण पावसाळ्यात महिनाभर बंद पडून राहिलेली मोटार कोळशाची धूळ आणि ओल धरून बसते. तिच्या गुंडाळीचे इन्सुलेशन किती उरले आहे हे मेगर लावून पाहिल्याशिवाय ती सुरू करायची नसते, हे हाताला कळावे लागते. बेअरिंगचा आवाज बदलला की जुना माणूस पाच पावले दुरून मान वळवतो. ते कोणत्याही परीक्षेत विचारत नाहीत.

आणि सर्वांत मोठा धडा हा की स्विच बंद केला म्हणजे वीज गेली, असे नव्हे. कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला असतो. शेजारच्या चालू वाहिनीमुळे बंद तारेतही दाब उतरतो. कोणाच्या घरचे जनरेटर उलट दिशेने तारेत वीज सोडते आणि खांबावरचा माणूस जातो. म्हणून लेखी परमिट, म्हणून आयसोलेटर उघडून कुलूप, म्हणून वीज नसल्याची खात्री, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्थिंग, आणि मगच हात. हा क्रम वर्गात फळ्यावर लिहून देता येतो. पण घाईची वेळ आहे, वरिष्ठ मागे उभे आहेत, उत्पादन थांबले आहे, आणि तरीही म्हातारा वायरमन अर्थिंगचा दांडा लावल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे पाहिलेला मुलगा जन्मभर तो क्रम विसरत नाही.

आता दुसरी बाजू. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, पदविकेचा एक मुलगा सहा महिने होता. त्याला टेबल दिले आणि दर तासाला मीटरचे आकडे लॉगशीटवर उतरवायला बसवले. ते काम पूर्वी पगारी माणूस करीत असे. तो निवृत्त झाला आणि जागा भरली नाही. सहा महिन्यांनी मुलाला प्रमाणपत्र मिळाले, त्यावर “उत्तम” असा शेरा होता. त्याने एकही मोटार उघडलेली पाहिली नव्हती. मुलगा गेला, त्याच टेबलावर दुसरा आला. या व्यवहारात कॉलेजला श्रेयांक मिळाले, मालकाला स्वस्त माणूस मिळाला. मुलाला काय मिळाले?

ही शंका माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1936 साली या आपल्या सावलीत गांधी सेवा संघाची बैठक भरली आणि गांधीजी येथे आले होते, हे वडीलधाऱ्यांना ऐकून माहीत आहे. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण ही योजना मांडली. ती तपशिलाने आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीने स्वतःच इशारा दिला होता की उत्पन्नाकडे लक्ष लागले तर शिक्षक मुलांकडून काम काढून घेण्यातच दंग होतील आणि शिक्षण मागे पडेल. जिथे सूतकताईत ही भीती होती, तिथे मेगावॉटच्या कारखान्यात ती नसेल, असे कोणी म्हणावे?

कायदा काय म्हणतो? 1961 च्या कायद्याचे 18 वे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. आमचे पुष्कळ कार्यकर्ते हे कलम वाचून चिडतात आणि पुस्तक मिटतात. पुढे-मागे वाचले तर निराळे दिसते. 14 वे कलम कारखान्यातल्या आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू करते. 15 वे कलम म्हणते, प्रशिक्षण सल्लागाराच्या संमतीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेता येणार नाही. 16 वे कलम अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकते. म्हणजे ज्याला तुम्ही कामगार मानत नाही, त्याच्याकडून कामगाराचे काम घेण्याचाही तुम्हांला हक्क नाही, असा 18 व्या कलमाचा अर्थ मी लावतो. विद्यावेतनाचे म्हणाल तर 2019 च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान 9000 रुपये ठरवले आणि त्यातला अर्धा वाटा केंद्र सरकार मालकाला परत देते. खोलीभाडे आणि डबा यांत त्यातले किती उरते हे चंद्रपुरात राहिलेल्या पोरांना विचारा. नोकरीची हमी कायदा देत नाही. मात्र 1995 साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इतर गोष्टी सारख्या असतील तर प्रशिक्षण घेतलेल्याला थेट उमेदवारापेक्षा अग्रक्रम द्यावा.

एक अडचण आई-बापांनी ध्यानात घ्यावी. हे संरक्षण कायद्याखाली करार नोंदवलेल्या उमेदवाराला आहे. शिकता शिकता कॉलेजच्या चिठ्ठीवर सहा-आठ आठवडे गेलेल्या मुलाचा असा करार बहुधा नसतो. तेव्हा जाण्याआधी लेखी मागून घ्यावे: विमा कोणाचा, कोणाच्या हाताखाली, कोणकोणत्या विभागात किती दिवस. मुलगी असेल तर रात्रपाळी आहे का, बाथरूम कुठे आहे, हेही विचारावे, लाजू नये. गडचिरोलीकडे कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला आहे, अशी विचारपूस आपल्या भागात आता वाढणारच.

आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. शिकाऊ पोरगा आला की जुना कामगार हात आखडतो. याला शिकवले तर उद्या माझ्या मुलाची जागा हाच खाईल, ही भीती. भीती खोटी नाही, कारण कायम जागा खरोखरच शिकाऊंनी भरल्या जात आहेत. पण त्याचा राग पोरावर काढून जागा परत येत नाहीत. कायम जागेचे काम शिकाऊकडून घेऊ नये, ही मागणी संघटनेने व्यवस्थापनाकडे करावी आणि त्याच दिवशी पोराच्या हातात मेगर द्यावा. शिकवणाऱ्या फिटरला त्या वेळेचा भत्ता मिळाला पाहिजे, हीही मागणी त्यातच घालावी. शिकवणे हे काम आहे, फुकटची हमाली नव्हे. प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी कारखान्यात येऊन आपल्या विद्यार्थ्याला, “आज काय उघडलेस?” एवढे विचारावे. साहेबाच्या खोलीत चहा घेऊन परत जाऊ नये.

मला दिलेली वेळ संपत आली. 1961 च्या कायद्याची मराठी टिपणे मी बरोबर आणली आहेत. ज्यांची मुले या वर्षी शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी ती उतरवून घ्यावीत, आणि काही विचारायचे असेल तर आताच विचारावे.