बरं वाटलालंय, मग गोळी कामून खाऊ?

आजचा विषय आमच्या चाकूरमध्ये कुठल्याही गल्लीत सापडेल. बीपीची, शुगरची नाहीतर थायरॉईडची गोळी चालू असलेलं माणूस आता घरोघरी आहे. आणि "चालू होती, पण मी बंद केली" असं सांगणारंही बहुतेक त्याच घरात आहे. मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळं कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. ती मधेच का सुटते, एवढ्यावरच बोलू.

आमच्याकडं याचं ठरलेलं उत्तर आहे: "मला काय होलालंय आता? चांगलाच हाव की." माझे एक मामा हेच म्हणायचे. बीपी 170 च्या वर निघालं, गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत 130 वर आलं. मामांच्या हिशोबानं आजार संपला. पुढं सोयाबीनच्या राशी चालू असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. आज चालतात, बोलतात, पण उजव्या हातात तांब्या धरता येत नाही.

आता मामांना अडाणी म्हणू नका. त्यांनी चक्क टेस्टिंग केलं होतं! गोळी थांबवून तिसऱ्या दिवशी बीपी मोजून घेतलं, ते नॉर्मल आलं. मग माणूस काय समजणार? पण अ‍ॅम्लोडिपीन नावाची जी बीपीची गोळी सर्रास दिली जाते, तिचा अंश रक्तात निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. रोज घेणाऱ्याच्या अंगात तिचा साठा झालेला असतो आणि तो काही दिवस काम करत राहतो. म्हणजे तिसऱ्या दिवशीचं ते नॉर्मल रीडिंग आधी खाल्लेल्या गोळ्यांचं होतं. नंतर बीपी हळूहळू चढतं, आणि चढताना दुखत नाही, खुपत नाही. 140/90 च्या वर वर्षानुवर्षं राहिलं तरी माणूस शेतात जातो, लग्नात जेवतो. आतमध्ये मूत्रपिंड, डोळे, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजत असतात.

शुगरचं थोडक्यात सांगतो. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून उपाशीपोटीचा आकडा चांगला आणणारे लोक मी पाहिलेत. एचबीएवनसी त्यांना सापडत नाही, कारण तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर त्यांच्यावर चिकटलेली असते. आणि "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःची आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपण दिसायला बारीक असतो, इतकंच.

आता डोक्याच्या गोळ्या. हा शब्दच वाईट आहे, पण लोक तोच वापरतात. इथं अडचण दोनदा येते. डिप्रेशनच्या गोळीचा त्रास आधी होतो, मळमळ, झोपेचा घोळ वगैरे. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. त्यामुळं पंधरा दिवसांत "हिच्यानंच बिघडलालंय" म्हणून सुटते. जे टिकतात, त्यांना तीन महिन्यांत बरं वाटतं, आणि मग घरचे म्हणतात, "सोड आता, सवय लागंल." लातूरला क्लासमध्ये शिकवणाऱ्या माझ्या मित्राचं असंच झालं. बरा झाला होता, शिकवत होता. एका दिवसात गोळी बंद केली. चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. ते ओसरलं, पण दोन महिन्यांत दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात.

सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची. डिप्रेशनच्या गोळीची तशी तलफ लागत नाही. पण ती एकदम तोडायची नसते, डॉक्टर हळूहळू उतरवतात. साधारणपणे बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने ती चालू ठेवतात.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. देशात बीपीसाठी एक सरकारी उपक्रम आहे, इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह. महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. त्यात 'सिंपल' नावाचं अ‍ॅप वापरतात. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, मी उघडून पाहिलाय. त्यात भारी तंत्रज्ञान काही नाही. मला सगळ्यात आवडली ती एक यादी: या महिन्यात कोण आलं नाही? नर्सबाई त्या यादीवरून फोन लावतात. दवाखान्यात आलेला पेशंट सगळ्यांना दिसतो, न आलेला कुणालाच दिसत नाही. ते दिसायची सोय केली, बस.

घरी हे काम मोबाईलवरच्या रिमाइंडरनं भागतं. गोळी संपायच्या पाच दिवस आधीची तारीख टाका, स्वतःच्या फोनमध्ये, आईबाबांच्या नाही. फोन केल्यावर "गोळी घेतली का?" विचारू नका, "व्हय" असंच उत्तर येतं. "पाकिटात किती राहिल्या?" विचारा. पैशामुळं सुटत असेल तर बीपी-शुगरची तपासणी आणि साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तिथं विचारा. आणि शुगर असलेलं माणूस गोळ्या चुकवतंय, जेवणावरून उठतंय, कशातच मन लागत नाही म्हणतंय, तर त्याला हट्टी ठरवायच्या आधी मनाचीही तपासणी करा. शुगरवाल्यांमध्ये डिप्रेशन इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं.

मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून आहे. नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गोळी बंद करावीशी वाटत असेल तरी तिथं फोन करा, नाहीतर आपल्या डॉक्टरांना सरळ सांगा, "मला ही नको झालीय." ते डोस बदलतात, गोळी बदलतात, वजन आणि मीठ कमी झालं असेल तर कधी बीपीची गोळी कमीही करतात.

थायरॉईडवर बरेच प्रश्न आलेत, ते पुढच्या भागात घेऊ. तोवर राम राम.