घटनात्मक राजेशाही, संसद आणि आपण

(संविधान दिनानिमित्त बुकित पंजांग येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण बुकित पंजांगमध्ये जमलो आहोत. येथून उत्तरेकडे जाणारा वुडलँड्सचा रस्ता समुद्रावरील बांधाच्या दिशेने जातो आणि बांधापलीकडे जोहोर सुरू होते. सुटीच्या दिवशी तिकडे गेलो की दुकानादुकानांतून सुलतानांची तसबीर दिसते आणि मुले विचारतात, ''इकडे राष्ट्राध्यक्ष, तिकडे राजा. मग तिकडे लोकशाही नाही का?''

प्रश्न बाळबोध वाटला तरी आम्हा आंबेडकरी माणसांना तो बोचतो. राजपुत्र जन्माने ठरतो. आमचे आजे-पणजेही अस्पृश्य ठरले ते जन्मानेच. जन्मसिद्ध मोठेपण आणि जन्मसिद्ध हीनत्व ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. मग जी राज्यपद्धती इंग्लंडच्या राजसत्तेच्या छायेत वाढली, तिचाच साचा परमपूज्य बाबासाहेबांनी भारतासाठी का स्वीकारला?

प्रथम या पद्धतीची रचना पाहू. तिच्यात राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख या दोन भिन्न व्यक्ती असतात. राजाच्या नावाने कारभार चालतो, परंतु तो चालवतात पंतप्रधान व मंत्रिमंडळ. लोकनियुक्त सभागृहाचा विश्वास असेतोवरच त्यांची सत्ता. राजाने मंत्र्यांच्या सल्ल्याने वागावयाचे आणि त्या सल्ल्याचे उत्तरदायित्व मंत्र्यांनी सभागृहापुढे घ्यावयाचे, हा तिचा कणा.

मलेशियाने यात स्वतःची भर घातली. तेथे नऊ घराण्यांचे राज्यकर्ते आहेत व ते आपल्यातून एकाची पाच वर्षांसाठी गुप्त मतदानाने राजा म्हणून निवड करतात. जोहोरचे सुलतान इब्राहिम ३१ जानेवारी २०२४ रोजी या क्रमाने त्या पदावर आले. ज्या रीड आयोगाच्या शिफारशींवर १९५७ ची ही घटना उभी राहिली, त्याचे एक सदस्य अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

राजा एरवी नामधारी असला तरी सभागृहात बहुमत कोणाचे हे अस्पष्ट झाले की त्याचे पद एकाएकी महत्त्वाचे ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान महाथीर यांनी राजीनामा दिला तेव्हा तत्कालीन राजांनी खासदारांना राजवाड्यात बोलावून त्यांचा कल जाणून घेतला व १ मार्च रोजी मुहयिद्दीन यांचा शपथविधी झाला. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत कोणासही बहुमत मिळाले नाही. मतदानानंतर पाचव्या दिवशी अन्वर इब्राहिम पंतप्रधान झाले. सभागृहात मोजावयाचे बहुमत राजवाड्यात अजमावले जाणे आम्हांस रुचत नाही, हे येथे नमूद करतो.

सिंगापूरचा इतिहास तर याहून बोलका आहे. युसोफ इशाक हे डिसेंबर १९५९ पासून 'यांग दि-पर्तुआन नगारा' या नात्याने ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी होते. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात गेल्यावर ते तेथील राजाच्या सार्वभौमत्वाखाली राहिले आणि ९ ऑगस्ट १९६५ नंतर तेच प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सहा वर्षांत सार्वभौमत्व दोनदा पालटले; संसदीय पद्धती मात्र टिकून राहिली.

बाबासाहेबांनी नेमके हेच मर्म हेरले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की, भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखेच राहील. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्यकारभार करणार नाही. म्हणजे आसन ठेवले, त्यावरील जन्माचा हक्क मात्र काढून टाकला. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, अशी तुलना करून त्यांनी उत्तरदायित्वाला प्राधान्य दिले. प्रश्न, ठराव, अविश्वासाचा प्रस्ताव, चर्चा यांतून सरकारची झडती रोज घेतली जाते. पाच वर्षे वाट पाहावी लागत नाही. ज्या समाजाचे गाऱ्हाणे पिढ्यान्‌पिढ्या कोणी ऐकले नाही, त्याला या 'रोज' शब्दाची किंमत कळते.

परंतु कागदावरील घटना राजाला आवरू शकतेच असे नाही. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा राजे महेंद्र गादीवर होते. त्याच महेंद्रांनी १५ डिसेंबर १९६० रोजी बी. पी. कोईराला यांचे लोकनियुक्त सरकार बरखास्त करून पंतप्रधानांना कैदेत टाकले. २००८ मध्ये नेपाळने राजेशाहीच संपविली. थायलंडचा राजा तर घटनेनुसार बौद्धच असावा लागतो. तरीही तेथे २००६ व २०१४ साली लष्कराने सत्ता बळकावली. राजा आपल्या धम्माचा आहे एवढ्याने आम्ही निश्चिंत होऊ नये.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला आणि त्याच भाषणात भिक्खुसंघ संसदीय कामकाजाचे नियम जाणत होता याचे स्मरण करून दिले. विनयपिटकात याचा तपशील आढळतो. ठराव रीतसर मांडला जाई, गणसंख्या पाहिली जाई, आजारी भिक्खू आपला 'छंद', म्हणजे संमती, दुसऱ्यामार्फत कळवी आणि मतभेद न मिटल्यास शलाका वाटून मते घेतली जात. शलाका वाटणारा भिक्खू पक्षपाती नसावा असाही दंडक होता.

आता थोडे आपल्या घरातले. आपल्या मंडळाचा अध्यक्ष आजवर बहुधा 'सर्वानुमते' ठरत आला. कोणी दुसरे नाव सुचविले की ''समाजात फूट नको'' असे म्हणून त्याला बसविले जाते. आम्हीही एकदा असेच कोणाला बसविले आहे, हे कबूल करतो. डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात बोलताना बाबासाहेबांनी विरोधी पक्षाची आवश्यकता सांगितली आणि इंग्लंड-कॅनडात विरोधी पक्षनेत्याला वेतन मिळते याकडे लक्ष वेधले. भारताने तसा कायदा १९७७ मध्ये केला. आम्ही मात्र विरोधकाला चहाही विचारीत नाही!

म्हणून येत्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने व्हावी, पाळीच्या नोकरीमुळे येऊ न शकणाऱ्या सभासदांना आपले मत बंद पाकिटातून पाठविता यावे आणि चिठ्ठ्या वाटण्याचे काम जो स्वतः उमेदवार नाही अशा सभासदाकडे असावे. ठरावास अनुमोदक हवा आहे. ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी आपले नाव चिटणिसांकडे द्यावे. त्यांना बोलण्यास आमच्याइतकाच वेळ मिळेल.

जय भीम, जय भारत.