युद्धकाळातील भित्तिपत्रके : संग्रह आणि मूळ हेतू



युद्धकाळातील भित्तिपत्रक दिवाणखान्याच्या शोभेसाठी छापले जात नसे. वाटसरूला क्षणभर थांबवून त्याच्याकडून काही करवून घेणे, हा त्याचा हेतू असे. पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या एका प्रसिद्ध पत्रकाने विचारले होते : हे रुपये, ही बंदूक, ही वर्दी कोण घेणार? उत्तरही त्यातच होते : जो तत्काळ भरती होईल तो. हा संवाद राजनिष्ठेशी नव्हे, घरच्या गरजेशी होता.

गोरखपुरातील कुटुंबांना युद्ध परके नव्हते. जबलपुरात १९०४ पासून तोफगाडी कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. याच शहरात फेब्रुवारी १९४६ मध्ये सिग्नल दलाच्या भारतीय जवानांनी बंड केले. वेतन, अन्न आणि भेदभाव यांविषयीच्या तक्रारींसोबत आझाद हिंद सैनिकांच्या मुक्ततेची मागणीही त्यांनी केली. वर्दी घेतलेल्या हातांनीच पत्रकाला दिलेले ते उत्तर होते.

म्हणून संग्राहकाने केवळ चित्र जपू नये. भाषा, मुद्रणालयाची ओळ, वर्ष आणि कागद कोठे मिळाला, याची नोंद ठेवावी. कडा कापू नयेत. त्या काळातील माणसांच्या आठवणीही त्यासोबत लिहून ठेवाव्यात. सत्तेने काय मागितले, हे कागद सांगतो. लोकांनी काय दिले आणि काय नाकारले, हे मात्र त्यांच्या घरांतूनच कळते.