पाणी, कागद आणि कात्री
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या प्राध्यापकाने चित्रांवर बोलावे, ही कार्यकारिणीची सूचना प्रथम मला चमत्कारिक वाटली. पण वर्षभर शब्द शिकवावेत आणि सुटीत जलरंग व कोलाज करावे, असा माझा क्रम आहे.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. तो कागदाचाच राखून ठेवायचा असतो. उजेड कुठे हवा, हे कुंचला भिजवण्यापूर्वी ठरवावे लागते. सावळाराम हळदणकरांचे १९४५-४६ मधील ‘ग्लो ऑफ होप’, ते दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र, आपण पाहिले असेल. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हे चित्र पुष्कळांना रविवर्म्याचे वाटते. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून फाकणारा तो उजेड जलरंगात साधणे किती अवघड, हे कुंचला धरणाराच जाणे! आपल्या आदिलाबादेत मे महिन्यात तर पहिला थर ओला असताना दुसरा द्यावा म्हटले, की पहिला केव्हाच वाळलेला. मी श्रावणाची वाट पाहतो.

कोलाजचा स्वभाव उलटा. ब्राक आणि पिकासो यांनी १९१२ साली भिंतकागदाचे, वर्तमानपत्राचे तुकडे चित्रात चिकटवले, तेव्हापासून त्याला कलेत मान मिळाला. खळ लागेपर्यंत तुकडा दहादा सरकवावा. माझ्याकडे लग्नपत्रिका, कापसाच्या बाजारातील पावत्या आणि तीन भाषांची वर्तमानपत्रे असतात. मराठी ओळ शिरोरेषेमुळे आपोआप क्षितिज होते, तेलुगू अक्षरे पाण्यासारखी वळतात, उर्दू ओळ तिरपी उतरते.

माझ्या एका चित्राचा विषय १९५६ ची राज्यपुनर्रचना हा आहे. तेव्हा किनवट व राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आपल्या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. नांदेडकडील मुधोळ, भैसा, कुबेर इकडे आले. (२०१६ पासून तो भाग निर्मल जिल्ह्यात आहे.) नकाशावर रेषा ओढता आली; घराघरांतली बोली तशी कापली गेली नाही. म्हणून त्या चित्रापुरती मी कात्री बाजूला ठेवली आणि कागद हाताने फाडले. फाटल्या कडेला पांढरे तंतू राहतात. दोन तुकडे शेजारी आले की ते एकमेकांत शिरतात.

शब्द शिकवणाऱ्याने शब्द फाडावेत काय, असे एका सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. ग्रंथाला मी हात लावीत नाही, बाद ठरवलेल्यालाही नाही. आज बाद झालेले पान उद्या कुणी शोधीत येते. वर्तमानपत्राबाबत मात्र मी तितका सोवळा नाही. संशोधक मित्र यालाही हरकत घेतील.

वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो. खळीत मी मोरचूद घालतो, ही बांधणीकारांची जुनी रीत. तिने कसर आवरते, पिवळेपणा नाही. ते १९५६ चे चित्र आता तपकिरी झाले आहे. पुन्हा करा, असे घरचे म्हणतात. मी करणार नाही. आज ते वाचनकक्षात लावले आहे. जवळून पाहावे, म्हणजे कडा दिसतील.