सदाफुलीची सुई

(उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुवैद्यांनी दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘पाळीव जनावरांचा कर्करोग आणि घरची शुश्रूषा’ असा छापला आहे. ती वाचून आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी मला फाटकाशीच अडवलं. “काहून डॉक्टर, आता कुत्र्यालेही केमो?” आवाजात थट्टा होती आणि थोडा रागही होता. त्यांच्या घरात वर्षभर एका माणसाचे उपचार चालले होते, तेव्हा राग मला कळला. मी म्हटलं, उत्तर फाटकात द्यायचं नाही, तुम्ही व्याख्यानाला या. ते आलेत. तिसऱ्या रांगेत बसलेत.

सुरुवात जरा लांबून करतो. माझा भाचा अमेरिकेत असतो आणि त्याच्याकडे फेरेट होता. फेरेट म्हणजे काय, हे नागपुरात सांगावं लागतं. दिसायला मुंगसासारखा लांबट, पण मुंगसाचा भाऊबंद नव्हे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याची ही माणसाळलेली जात. दिवसातले चौदा-पंधरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात मोजे चोरतो. आयुष्य पाच ते आठ वर्षांचं. त्यातली तीन-चार वर्षं सरली की गाठींची भीती सुरू होते. स्वादुपिंडाची गाठ, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ आणि लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, या तिन्ही त्याच्या ठरलेल्या.

भाच्याच्या फेरेटला स्वादुपिंडाची गाठ झाली. ही गाठ नको तेवढं इन्सुलिन सोडते, म्हणजे मधुमेहाच्या बरोबर उलटा खेळ, रक्तातली साखर सारखी खाली. भाच्यानं मला फोनच्या पडद्यावर दाखवलं. प्राणी भिंतीकडे एकटक बघतोय, मागचे पाय फरफटतायत, लाळ गळतेय आणि तो स्वतःच्याच तोंडावर पंजे मारतोय. अशा वेळी बोटानं हिरड्यांना मध चोळायचा आणि शुद्धीवर आला की लगेच मांसाचं खाणं द्यायचं. नुसता मध देऊन थांबलात तर साखर एकदम चढते, गाठ आणखी इन्सुलिन ओतते आणि थोड्या वेळात प्राणी पुन्हा आडवा. म्हणून दर तीन-चार तासांनी खाणं, शिवाय प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. भाचा रात्री दोनचा गजर लावून उठायचा. लहानपणी सकाळच्या शाळेला तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा मुलगा!

पण मला त्याची वही आवडली. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, उरलेलं कुठे लपवलं, पाय कधी लटपटले, हे सगळं तारीखवार. त्या वहीवरून तिथल्या डॉक्टरांनी औषधाची मात्रा दोनदा बदलली. आजच्या व्याख्यानात तुम्ही एवढी एक वही घरी नेलीत तरी मला पुरे.

जनावर दुखणं लपवतं. रानात लंगडणाऱ्यालाच आधी पकडतात, म्हणून न लंगडण्याचा प्रयत्न करणं त्याच्या रक्तात आहे. तुम्ही दारात आलात की कुत्रा शेपूट हलवतो आणि तुम्हाला वाटतं, आज बरा आहे. शेपटीवर जाऊ नका. ताटलीत काय उरलं ते बघा. झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा, तीसच्या वर जायला लागले की डॉक्टरांना कळवा. आठवड्यातून एकदा त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. गाठ असेल तर ती फूटपट्टीनं मोजा. ‘लिंबाएवढी’ असं लिहू नका. लिंबू कागदीही असतं आणि इडलिंबूही असतं.

आता तिसऱ्या रांगेसाठी. माणसाची केमो आणि जनावराची केमो यांत औषधं बहुतेक तीच असतात, हेतू मात्र वेगळा असतो. माणसाला आपण पुढच्या वीस वर्षांसाठी आजचे हाल सोसायला सांगतो आणि त्याला ते समजतं. कुत्र्याला ते समजावता येत नाही. म्हणून मात्रा बेतानं ठेवतात. बहुतेक कुत्र्यांचे केसही गळत नाहीत, क्वचित मिशा जातात. लिम्फोमाचं उदाहरण घ्या. उपचार नसेल तर कुत्रा महिना-दीड महिना काढतो. चार औषधांचा क्रम लागू पडला तर साधारण वर्षभर मिळतं. बरा होतो असं मी म्हणत नाही. वर्ष मिळतं, आणि कुत्र्याच्या आयुष्यात वर्ष म्हणजे थोडं नव्हे.

इथे एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. गळ्याखाली गाठी दिसल्या, कुत्रा मलूल झाला, की कोणीतरी स्टेरॉइडच्या गोळ्या देतं. गाठी चार दिवसांत विरघळतात आणि सगळे खूश होतात. त्या गोळ्यांनी रोग दबतो आणि पुढच्या औषधांना दाद देईनासा होतो. आधी सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासायच्या, गोळी नंतर. आणि आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल त्याला देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

पण आपल्या शहरात लिम्फोमापेक्षा रस्त्यावर जास्त भेटतो तो वेगळाच कर्करोग. मादी महिना उलटला तरी रक्त ठिबकवत फिरते आणि लोक म्हणतात, माजावर आहे. माज दोन-तीन आठवड्यांत सरतो. त्यापुढे रक्त दिसलं तर आत फुलकोबीसारखी गाठ असण्याचा संभव मोठा. हा कर्करोग कुत्र्याकडून कुत्र्याकडे समागमातून जातो आणि त्यात जंतू नसतो, विषाणू नसतो. एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. 1876 साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्यानं अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. आज शास्त्रज्ञ सांगतात की जगभरातल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या आहेत. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याचा कर्करोग मात्र आपल्या गल्लीत अजून फिरतोय. मला हे आजही अचाट वाटतं.

याला औषध आहे आणि ते उत्तम लागू पडतं. व्हिन्क्रिस्टिन. आठवड्यातून एकदा शिरेतून, चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध निघालं सदाफुलीतून. हो, तुमच्या अंगणातल्या, तुळशीशेजारच्या सदाफुलीतून. झाड मूळचं मादागास्करचं. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा लोक पितात, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी जमैकाहून आलेली पानं तपासली. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यावरून 1958 मध्ये नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं आणि 1963 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. तेव्हा घरी जाऊन कुत्र्याला सदाफुलीचा काढा पाजू नका, ते विष आहे. हे सांगावं लागतं, कारण पाजलेला मी पाहिला आहे.

सेमिनरी हिल्सच्या बाजूला एका चहाच्या टपरीवर भुरी नावाची कुत्री होती. मालकी कोणाची नाही, खाणं सगळ्यांचं. तिला ही गाठ झाली. पहिली सुई टोचणं सोपं होतं, कुत्रीला काय होणार ते माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून मला बघितलं की ती नाल्यापलीकडे. शेवटी टपरीवाल्यानं युक्ती केली. माझी गाडी लांब उभी करायला लावली आणि दर मंगळवारी उकडलेलं अंडं हातात घेऊन तो स्वतः तिला धरून बसला. हे धरणं महत्त्वाचं. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी आणि मांस सडतं. पाय हलता कामा नये. डॉक्टरची सुई जितकी नेमकी, तितकाच धरणाऱ्याचा हात निश्चल हवा.

सुईनंतर चौथ्या ते सातव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप आला, खाणं सुटलं, तर वाट बघायची नाही. पुढची सुई रक्त तपासूनच. कच्चं मांस बंद. दोन-तीन दिवस लघवी आणि विष्ठा हातमोजे घालून उचलायची, कारण औषध त्यातून बाहेर पडतं. घरात गरोदर बाई असेल तर तिनं ते काम करू नये. आणि आपला मे महिना! पंचेचाळीस अंशांत धडधाकट कुत्रा धापा टाकतो, केमो चालू असलेल्याचं काय होणार? कूलर लावा, पण थेट झोतात नको आणि ओल्या फरशीवर नको. स्टेरॉइड चालू असेल तर तो सारखं पाणी पिणार आणि घरात लघवी करणार. त्याला रागावू नका. पाणी तर मुळीच कमी करू नका.

भुरी पाच सुयांत बरी झाली. नंतर तिची नसबंदी केली.

आता कुत्र्याला केमो हे शहरी कौतुक आहे, असं अजूनही कोणाला वाटत असेल तर मी त्यांना गावात नेतो. 1958 साली सुरू झालेल्या आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयात मी शिकलो. तेव्हा ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखाली होतं, 2000 साली नागपूरला स्वतंत्र पशुविज्ञान विद्यापीठ झालं. तिथून बाहेर पडल्यावर मी ‘ढोर डॉक्टर’ झालो आणि कर्करोग मला पहिल्यांदा भेटला तो बैलाच्या शिंगात. आपल्या देशी, लांब शिंगांच्या बैलांचा हा रोग. शिंगाच्या आतल्या पोकळीच्या अस्तरात सुरू होतो. बैल डोकं एका बाजूला धरतो, शिंग खुंट्याला घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, मग शिंग बुडाशी सैल होऊन लवतं. मज्जातंतूला भूल देऊन शिंग मुळापासून काढायचं, कातडी शिवायची आणि गाठ परत उगवू नये म्हणून पुष्कळदा तीच सदाफुलीची सुई द्यायची.

काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलाचं उजवं शिंग मी असं काढलं. टाके निघायचे होते आणि मधे पोळा आला. श्रावणातली अमावास्या, पावसाळी हवा, माश्या. मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो तर बैल तोरणाखाली उभा. डाव्या शिंगाला रंग, अंगावर झूल, आणि उजवीकडे माझ्या पट्टीवर चक्क बेगड चिकटवलेली. मी चांगलाच रागावलो. जखमेत अळ्या पडल्या म्हणजे? तो माझं सगळं ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, “जोडीतल्या एकाले सजवलं न एकाले नाही, बरं दिसते का डॉक्टर?”

मी बेगड काढली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली. माझं होईपर्यंत तो हातात दुसरी बेगड घेऊन थांबला होता.