आवृत्तीचा आकडा
(फैजपूर येथील वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



माझे आयुष्य मुलांना मराठी व अंकगणित शिकविण्यात गेले. संगणकविद्येत मी आपणां तरुणांचाच विद्यार्थी आहे. तथापि आपली सभासदसूची तयार करताना जे उमगले, ते सांगावेसे वाटते.

गरीब विद्यार्थ्यांस जुनी पुस्तके देताना आम्ही प्रथम आवृत्ती पाहत असू. केवळ पुनर्मुद्रण असेल, तर थोरल्याचे पुस्तक धाकट्यास चाले. एखादा धडा वाढला असेल, तर तेवढा उतरून घेता येई. अभ्यासक्रमच बदलला, तर मात्र जुने पुस्तक निरुपयोगी होई. संगणकप्रणालीवरील २.४.१ अशा तीन आकड्यांचा रूढ संकेत असाच आहे. शेवटचा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर भर, पहिला वाढला तर जुन्याशी मेळ तुटला.

डेबियनसारख्या संग्रहात हजारो प्रणालींची मोट बांधणारे स्वयंसेवक ह्या आकड्यांवर विसंबतात. कर्त्याने शेवटचा आकडा वाढवून आत अभ्यासक्रमच बदलला, तर तीवर आधारलेल्या इतर प्रणाली अडतात. रात्र जागवितो तो मोट बांधणारा आणि खोळंबतो तो वापरणारा. उलट, पायथॉन ह्या संगणकभाषेने २००८ साली मेळ तोडला, तेव्हा पहिलाच आकडा बदलून ३.० केला. जुन्या भाषेचा सांभाळ २०२० च्या आरंभी थांबला. मध्यंतरी सर्वांस अकरा वर्षे मिळाली.

आता आपल्या मराठीचे पाहा. ‘ॲडव्होकेट’मधील ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत, २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत. दिसण्यात दोन्ही सारखी, परंतु यंत्राच्या लेखी निराळी. आपल्या सूचीत काही नावे जुन्या रीतीने, काही नव्या रीतीने लिहिली गेली. म्हणून शोधताना निम्मे वकील सापडेनात! पुढे एका छापखान्यातील जुन्या टंकात ते अक्षरच नव्हते. तेथे नुसता रिकामा चौकोन उमटला. एका वृद्ध सभासदांनी तो चौकोन पाहून मला विचारले, “गुरुजी, माझे नाव काढले काय?” त्या प्रश्नाने मी ओशाळलो.

म्हणून दोन विनंत्या करतो. आपली जी मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी प्रणाली लिहितात, त्यांनी आकडा प्रामाणिकपणे द्यावा आणि काय बदलले ते सोबत लिहावे. मंडळानेही सूचीवर आवृत्ती, वर्ष व बदल छापावेत. ज्यास आपण कधी पाहणार नाही, त्याचे काम आपल्या आकड्यावर चालते, एवढे ध्यानी ठेवावे.