लहान गांवचा चित्रकार व मोठ्या शहरांतील प्रदर्शन

श्रोतेहो, आमच्या जुळे सोलापुरांतील होतकरू चित्रकारांस मुंबईच्या कलामेळ्यांत चित्रें मांडण्याची उमेद असते. परंतु दालनाचें भाडें ऐकूनच पुष्कळांचा धीर खचतो. कर्ज काढून स्वतंत्र दालन घेऊं नये, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. विक्री झाली नाहीं, तर पुढील वर्षाच्या रंगांचे पैसेहि त्यांतच बुडतात.

पहिला मार्ग निवड-प्रदर्शनांचा. १८८८ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत परीक्षक चित्रें निवडतात. तेथें सबंध दालन भाड्यानें घ्यावें लागत नाहीं. पंढरपुरांत जन्मलेले व एके काळीं सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे मकबूल फिदा हुसेन १९४७ सालीं याच प्रदर्शनांतून रसिकांच्या नजरेंत भरले.

दुसरा मार्ग सहकाराचा. चौघांनीं मिळून एक दालन घ्यावें, भाडें वांटून घ्यावें व पाळीपाळीनें तेथें बसावें. कॅनव्हास चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा. म्हणजे रात्रीच्या रेल्वेनें तो सोबत नेतां येतो. मोठ्या चित्रांशेजारीं कागदावरील लहान चित्रें अवश्य ठेवावींत. बेताच्या मिळकतीचा रसिक तींच घेतो.

श्रोतेहो, आपलेंहि कांहीं कर्तव्य आहे. दिवाणखान्यांत छापील तसबिरीऐवजीं एक अस्सल चित्र टांगा. त्या चित्रकाराचें परतीचें ओझें तेवढेंच हलकें होईल.